चेंडू चालला, पेला चालला नाही



पुण्याच्या लष्कर भागात साहेब लोकांचा क्लब होता. सन १८९२च्या सुमारास तिथे सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा नोकरीला लागला. पगार महिना चार रुपये. काम काय, तर खेळपट्टीवर रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी बांधायची, गवत काढायचे आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. त्याआधी तो एका पारशी क्लबात झाडलोट करीत होता, तिथे तीन रुपये मिळत. म्हणजे एक रुपयाची बढती झाली होती. या मुलाचे नाव बाळू पालवणकर. जात चांभार. घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, जन्म १८७५-७६चा, धारवाडचा, आणि वाढला पुण्यात. साहेबांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि उसवलेले चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम हे दोघे खेळायला शिकले. शिकवणारा कोणी नव्हता.

आज ‘कोच’ हा शब्द आपल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिट्टी, टोपी, पांढरे बूट आणि महिन्याची फी असे एक चित्र डोळ्यांपुढे येते. बाळूंना ती पदवी त्या काळी कोणी दिली नाही. पण काम पाहिले तर काय दिसते? क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा एक फलंदाज होता. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांमध्ये त्याच्यासारखा खेळणारा दुसरा नव्हता, असे त्याचे नाव होते. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना तासभर चेंडू टाकायला लावी. आपल्याला बाद केलेस तर दर वेळी आठ आणे देईन, असे त्याने कबूल केले होते म्हणतात. आता मी कारकून माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. आठवड्यातून एकदा जरी साहेब बाद झाला, तरी महिन्याचे दोन रुपये झाले. म्हणजे अर्धा पगार वरकड. आठ आण्यांसाठी त्या मुलाने किती बारकाईने साहेबाचे पाय, खांदा, मनगट न्याहाळले असेल, याचा विचार करा. साहेबाची फलंदाजी त्याच्या चेंडूंवर घासूनपुसून तयार झाली आणि त्याची गोलंदाजी साहेबाच्या बॅटीवर. दोघेही एकमेकांचे गुरू झाले. मात्र एकाला कॅप्टन म्हणत, दुसऱ्याला हाक मारून बोलावीत.

आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींच्या आठवणीतून पुढे आली आहे. शेकडो तास चेंडू टाकूनही त्या जाळीत बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हे मालकाचे काम, गोलंदाजी हे गड्याचे. उन्हात वाकून चेंडू टाकायचा तो चाकराने, आणि तो टोलवायचा तो धन्याने. ही विभागणी आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

बाळू डावखुरे होते. संथ गतीने, पण चेंडू दोन्ही बाजूंना वळवीत. सन २००१मध्ये ‘लगान’ हा हिंदी सिनेमा आला. त्यात कचरा नावाचा अस्पृश्य गोलंदाज तुम्ही पाहिला असेल. त्याचा हात अधू दाखवला आहे आणि त्या अधूपणामुळेच चेंडू वळतो, असे ते कथानक आहे. तो सिनेमा मलाही आवडला. पण ही गोष्ट मनात खुपली. आपल्या माणसाच्या अंगी कसब असेल, तर ते काहीतरी व्यंगातून, योगायोगातून आलेले असणार, असे का? बाळूंचा हात धडधाकट होता. तो वळला तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीने, सकाळी साहेब येण्याआधी आणि साहेब गेल्यावर रोलर ओढून झाल्यानंतर.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, आणि गोऱ्यांना हरवू शकेल असा गोलंदाज गोऱ्यांच्याच क्लबात रोलर ओढत होता. घ्यायचे की नाही, यावर क्लबात वाद झाला. अखेर घेतले. आता पुढचे नीट ऐका. मैदानात चेंडू एकच. तो बाळू टाकीत, यष्टिरक्षक पकडी, ब्राह्मण क्षेत्ररक्षक उचलून परत बाळूंच्या हाती देई. तोपर्यंत काही विटाळ नाही. चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात जात, चिनी मातीच्या कपात चहा घेत. बाळूंचा चहा मंडपाबाहेर येई, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या पेल्यात. जेवायला वेगळे ताट, वेगळे टेबल. तोंड धुवायचे तर एक अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन येई. चेंडू चालला, पेला चालला नाही.

आपल्या नाशिककरांना हे चित्र परके वाटू नये. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आपले आजोबा-पणजोबा दाराबाहेर उभे होते. बाळू मंडपाबाहेर उभे होते ते त्याच्या तीसेक वर्षे आधी. आणि हेही लक्षात घ्या की त्या संघाचे नाव ‘हिंदू’. चेंडू टाकताना बाळू हिंदू, चहा पिताना अस्पृश्य. शिरगणतीत आपल्याला धरायचे आणि पंगतीत वगळायचे, हा जो खेळ पुढे राजकारणात झाला, त्याची तालीम क्रिकेटच्या मैदानावर आधीच झाली होती.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाविरुद्ध सामना ठरला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टी दिवसेंदिवस रोलर फिरवून घट्ट केली होती, असे सांगतात. तरी बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. त्यानंतरच्या समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना हार घातला आणि बरोबर खेळता तर बरोबर जेवायला काय हरकत, असे क्लबाच्या मंडळींना बजावले, अशी हकिकत आहे. रानडे १९०१च्या जानेवारीत वारले, म्हणजे ही गोष्ट त्याआधीची. सुधारकाने बोलायचे ते बोलून दाखवले. पण लक्षात घ्या, सात गडी बाद झाल्यानंतर.

पुढे पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्यात खेळू लागले. तिथेही सुरुवातीला काहींनी नाके मुरडली, पण मुंबईचे पाणी वेगळे. जिमखान्यात बाळू इतरांबरोबर जेवू लागले. १९०६च्या फेब्रुवारीत हिंदूंचा संघ युरोपियनांविरुद्ध उतरला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा झाल्या, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बेरीज-वजाबाकी करून पाहा, हिंदू १०९ धावांनी जिंकले. सामन्यात बाळूंचे आठ बळी होते आणि भाऊ शिवरामही संघात होता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून सारी मुंबई नाचली. त्या वेळच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने विजयापेक्षाही एका गोष्टीवर भर दिला. ती म्हणजे संघातले सगळे एकत्र जेवले.

इथे थोडे थांबून आकडे सांगतो, कारण आकडे खोटे बोलत नाहीत. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंचे १७९ बळी आहेत, दर बळीमागे १५.२१ धावा. म्हणजे सामन्यामागे पाचाहून जास्त गडी. ज्या मुलांना क्रिकेट कळते त्यांना विचारा, ही सरासरी काय दर्जाची आहे. आणि हे खाते उघडले कधी? १९०६ साली, बाळू तिशीला आले तेव्हा. त्याआधीची पंधरा वर्षे, ऐन उमेदीची, कोणत्याही वहीत नाहीत. रोलर ओढणाऱ्याच्या सरावाच्या चेंडूंची नोंद कोण ठेवतो?

१९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे होते. बाळू मात्र दुखऱ्या खांद्याने चेंडू टाकीत राहिले. साऱ्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. वय पस्तीस उलटलेले, हवामान परके, खेळपट्ट्या परक्या. शिवरामही त्याच दौऱ्यावर होता. ज्या मुलांनी साहेबांच्या फेकलेल्या बॅटी उचलल्या, ती दोन्ही मुले साहेबांच्या देशात जाऊन खेळली.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळी वाचलेले मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते असे सांगितले जाते. तो विद्यार्थी म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे भीमराव आंबेडकर. १९१२मध्ये बाबासाहेब बी. ए. झाले. म्हणजे बाबासाहेबांचे नाव देशाला माहीत होण्याआधी आपल्या वस्त्यांमध्ये अभिमानाने घ्यावे असे जे एक नाव होते, ते बाळूंचे होते. तरुण भीमरावांच्या पिढीने हे नाव ऐकत डोके वर काढले.

आता शिकवण्याची दुसरी बाजू. बाळूंना शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे तीन धाकटे भाऊ. चौघेही हिंदू संघात खेळले. एका घरातले चार भाऊ, तेही रेल्वेच्या पगारावर चालणाऱ्या घरातले. आमच्याकडे थोरला भाऊ कामाला लागतो आणि धाकट्यांची पुस्तके येतात, ही रीत घरोघर आहे. पालवणकरांच्या घरी पुस्तकांबरोबर चेंडू आला, एवढेच. बाळूंच्या हाती जाळीत कोणी बॅट दिली नव्हती. त्यांच्या पाठचे शिवराम आणि विठ्ठल मात्र फलंदाज म्हणून नावाजले. मला तर वाटते, बाळूंच्या साऱ्या बळींपेक्षा ही कमाई मोठी आहे. विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८मध्ये मराठीत लिहिले. आपल्या ग्रंथालयांनी ते शोधून काढायला हवे.

पण कर्णधारपद? खेळ कोणाला जास्त कळतो, यावर वाद नव्हता. तरी वर्षानुवर्षे बाळूंचे नाव निघे आणि मागे पडे. १९१३मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले. हा माणूस प्रामाणिक निघाला. जाहीर सभेत त्यांनी सांगितले की हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, ते माझ्यापेक्षा ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. टाळ्या पडल्या असतील. कर्णधार मात्र पैच राहिले. भले माणूस भेटला म्हणजे न्याय मिळतोच असे नाही.

१९२० साल उजाडले. त्याच वर्षी गणपत तरुणपणीच वारला. चौरंगी सामन्यांसाठी संघ निवडताना बाळूंना आधी वगळले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठलला डावलून एका ब्राह्मण खेळाडूची निवड झाली. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण वर्तमानपत्रांतून जाहीरपणे सांगितले. आमची जात आड येते, हे त्यांनी झाकून ठेवले नाही. मुंबईत खळबळ उडाली. पेचातून वाट काढताना बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि सामन्यात पै मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर काही तासांचे कर्णधारपद! तीन वर्षांनी, १९२३मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दाखवली. थोरल्याने तीन दशके गुण दाखवला, त्यातून हार मिळाले, मानपत्रे मिळाली. धाकट्यांनी एकदा ‘खेळत नाही’ म्हटले, त्यातून पद मिळाले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आमच्या इंदिरानगरातली मुले जयंतीच्या सुमारास टेनिस चेंडूचे सामने भरवतात. एका वर्षी बैठकीत अकरावीतल्या एका मुलाने मोबाइलवर बाळूंचे छायाचित्र दाखवले आणि सामन्यांच्या फलकावर हा फोटो घेऊ या म्हणाला. मुलांना कल्पना आवडली. पण ज्येष्ठ मंडळींपैकी एक काका ताडकन उठले. म्हणाले, “बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभा राहिलेला माणूस, आणि बाबासाहेबांच्या जयंतीला त्याचा फोटो? आधी इतिहास वाचा रे पोरांनो!” बैठक तापली. काका खोटे बोलत नव्हते, म्हणून मुलांना उत्तर सुचेना.

काकांचे म्हणणे पूर्ण मांडतो, कारण अर्धवट इतिहास सांगणे हा आपला धर्म नाही. १९३२मध्ये स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न पेटला तेव्हा बाळू हे एम. सी. राजा यांच्या बाजूला, म्हणजे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला. गांधीजींचे प्राण पणाला लावून बाबासाहेबांकडून काय सोडवून घेतले गेले, ते वाचकांना सांगायला नको. त्या कागदावर बाळूंचीही सही आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. बाळूंना धर्मांतराचा विचार पटला नाही. आणि १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतून बाबासाहेबांसमोर बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२०चा. थोडक्यात वाचलो असे म्हणण्याइतका.

काँग्रेसने त्यांनाच का निवडले, हे उघड आहे. बाबासाहेबांसमोर आपल्याच समाजातला, आणि समाजाने डोक्यावर घेतलेला दुसरा माणूस हवा होता. असा दुसरा माणूस मुंबईत एकच होता. ज्यांनी त्यांना तीस वर्षांत कर्णधार केले नाही, त्यांना बाबासाहेबांना पाडायचे म्हटल्यावर बाळूंची ज्येष्ठता एकदम आठवली! हा डाव आपण पुढेही किती वेळा पाहिला. बाळूंनी नकार द्यायला हवा होता, असे माझे मत आहे. ते मत मी पातळ करणार नाही.

तरीही फोटो लागला पाहिजे, असेही माझे मत आहे. का, ते सांगतो.

बाळू आयुष्यभर एकाच रस्त्याने चालले. आपण आपले काम चोख करावे, समोरचा एक दिवस आपल्याला जवळ घेईल, हा तो रस्ता. आणि खरेच थोडेथोडे घडलेही. मातीच्या पेल्यापासून मुंबईच्या पंगतीपर्यंत ते पोचले. ज्याने स्वतःच्या हाताने एवढे अंतर कापले, त्याला तोच रस्ता सगळ्यांचा वाटला तर नवल नाही. बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. ज्याला डाव्या हातात अशी कला नाही, त्या शेतमजुराने, गटार उपसणाऱ्याने काय करावे? त्याला पाणी मिळण्यासाठी आधी सात गडी बाद करून दाखवायचे काय? माणुसकी बक्षीस म्हणून मिळवायची नसते, हक्क म्हणून मिळवायची असते. बाळूंचे चरित्र वाचताना बाबासाहेबांचे हे म्हणणेच पानोपानी पटत जाते. इतका मोठा खेळाडू, आणि तरी कर्णधारपद नाही. मग सामान्यांची काय कथा? त्यांचे चरित्र पुसून टाकले तर आपल्याच बाजूचा एक सबळ पुरावा आपण पुसून टाकू.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांची चळवळ आपल्या वाचकांना परिचित आहे. दलित पँथरचे नावच मुळी तिथल्या ब्लॅक पँथरवरून आले. तिथे बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखा घरोघरचा खेळ. त्याच्या मुख्य लीगमध्ये काळ्या खेळाडूंना कित्येक दशके मज्जाव होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघातून मैदानात उतरले आणि तो मज्जाव मोडला. शिवीगाळ, धमक्या, हॉटेलात जागा नाही, सगळे सोसले. पण पुढे? १९६०च्या अध्यक्षीय निवडणुकीत याच रॉबिन्सन यांनी केनेडींऐवजी निक्सन यांचा प्रचार केला. काळ्या मतदारांपैकी बहुसंख्य दुसऱ्या बाजूला होते. त्याआधी १९४९मध्ये सरकारी चौकशी समितीपुढे जाऊन, काळ्यांचे लाडके गायक आणि लढवय्ये पॉल रॉबसन यांच्याविरुद्ध त्यांनी साक्ष दिली होती. त्यावरून टीका झाली, कडू शब्द वापरले गेले. तरी त्या समाजाने रॉबिन्सन यांना घराबाहेर काढले नाही. १९९७मध्ये त्यांचा ४२ हा क्रमांक साऱ्या लीगमधून निवृत्त करण्यात आला. दर वर्षी १५ एप्रिलला त्यांचा दिवस पाळतात, त्या दिवशी झाडून सारे खेळाडू ४२ क्रमांकाचा सदरा घालतात. त्यांची साक्षही पुस्तकात आहे, प्रचारही पुस्तकात आहे आणि सदराही अंगावर आहे. ही तारीख आपल्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी येते, हा योगायोग.

बाळू रॉबिन्सनच्या चाळीस वर्षे आधी खेळले. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर झाला तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही आणि शाळेच्या पुस्तकातही फारसे सापडत नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर जो सोहळा झाला तो त्यानंतर सव्वा वर्षाने. रामचंद्र गुहा यांनी २००२मधल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पालवणकर बंधूंची हकिकत विस्ताराने मांडली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्यांची नव्याने ओळख झाली. आपल्या माणसाची ओळख आपल्याला इंग्रजी पुस्तकातून व्हावी, याचे वाईट वाटते. त्याला आपणही थोडे कारण आहोत. चर्मकार समाजाने त्यांना आपले म्हणून ठेवले, आपण बौद्धांनी १९३७चे नाव काढून हात झटकले, आणि बाकीच्यांना ते कधी हवेच नव्हते.

त्या बैठकीत हे सगळे बोलायला मला वेळ मिळाला नाही. बोलल्या त्या मागच्या रांगेत बसलेल्या एक आजी. क्रिकेटशी त्यांचा संबंध नातवंडांनी फोडलेल्या काचांपुरता. त्यांनी काकांना विचारले, “भाऊ, तो चुकला म्हणता, मान्य. मग काय त्याचा चहा आपणबी बाहेरच द्यायचा का?” काका बसले. राग गेला नाही, पण बसले. शेवटी असे ठरले की फोटो लावायचा, आणि खाली चार ओळींत सारे लिहायचे. बळी, दौरा, मानपत्र, पुणे करारावरची सही आणि १९३७ची मते, दोघांचीही. ते लिहून द्यायचे काम माझ्याकडे आले. चार ओळींच्या अकरा झाल्या. मुलांनी अक्षरे बारीक करून बसवल्या.

मुलांना एक सांगणे आहे. डावखुऱ्या फिरकीचा सराव करायचा तर फार काही लागत नाही. भिंत, खडूने काढलेल्या तीन यष्ट्या आणि चेंडू पडावा तिथे ठेवलेले एक नाणे. आठ आणे आता व्यवहारात फारसे दिसत नाहीत, रुपया ठेवा. आणि जाळीत ज्याला आपण रोज चेंडू टाकायला लावतो, त्याच्या हाती शेवटी दहा मिनिटे बॅट द्या. आमच्या मैदानावर मी हे पाहिले आहे. वयाने लहान किंवा अंगावर साधे कपडे असलेला पोरगा दिवसभर चेंडूच आणून देतो. आपल्याच मैदानावर असे व्हायला नको.

६ डिसेंबरला इंदिरानगरातून बरीच मंडळी दादरला जातात. चैत्यभूमीवर अभिवादन झाले, शिवाजी पार्कात पुस्तकांची खरेदी झाली की पाय मोकळे करायला प्रभादेवीच्या बाजूला निघा. तिथे पी. बाळू मार्ग आहे. तो ‘पी’ म्हणजे पालवणकर. बरोबर मुले असतील तर त्यांना पाटी वाचायला लावा आणि ‘पी’ म्हणजे कोण, ते घरी परतताना गाडीत सांगा. नाशिक येईपर्यंत वेळ भरपूर असतो.